'प्रश्न उद्भवत नाही' म्हणजे काय रे भाऊ?

मधली सुट्टी (धागाकर्ता)

पाय प्लास्टरमध्ये असल्यामुळे गेलं अधिवेशन आडवं पडून बघितलं. एरवी आपल्यापर्यंत पोचतं ते काय, तर पायऱ्यांवरची घोषणाबाजी, गळ्यात अडकवलेले फलक आणि अध्यक्षांसमोरच्या हौद्यात उतरलेले आमदार. प्रश्नोत्तराचा तास मी आयुष्यात पहिल्यांदा सलग पाहिला आणि चक्क आवडला. एक आमदार उठतो, मंत्री उत्तर देतात, आमदार म्हणतो "अध्यक्ष महोदय, माझा स्पेसिफिक प्रश्न आहे", मंत्री पुन्हा तेच सांगतात, मागून कुणीतरी "तारीख सांगा, तारीख!" म्हणून ओरडतं.

मग हौसेने छापील याद्या वाचायला घेतल्या आणि तिथे अडकलो. तारांकित प्रश्नांचा साचा बघा (तपशील मी बदललाय, साचा जसाच्या तसा):

"सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय?
(१) अमुक येथील ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे गेल्या दोन वर्षांपासून रिक्त असल्याने रुग्णांची प्रचंड गैरसोय होत असल्याचे माहे जूनमध्ये वा त्या सुमारास निदर्शनास आले, हे खरे आहे काय;
(२) असल्यास, याप्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय;
(३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे;
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

आणि उत्तर:

"(१) हे खरे नाही.
(२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही."

संपलं. चार भागांचा प्रश्न, दीड ओळीचं उत्तर. यादीत अशी उत्तरं एकामागून एक. माझी शंका साधी आहे. मंत्र्यांना निसटणं एवढं सोपं असेल तर आमदार प्रश्न असा का विचारतात? इथे कुणी आतली मंडळी असतील तर सांगा.


खडूस

सगळी नूरा कुस्ती आहे हो. आत भांडायचं आणि नंतर कॅन्टीनमध्ये एकत्र चहा प्यायचा. पाय बरा झाला की हे बघणं सोडाल.


वाटसरू

चहा एकत्र पितात हे चांगलंच की खडूसभाऊ.

मूळ प्रश्नाकडे येण्याआधी थोडी वर्गवारी, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल. तारांकित प्रश्नाचं उत्तर सभागृहात तोंडी मिळतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकितला फक्त लेखी उत्तर, उपप्रश्न नाही. प्रश्नावर तारा छापलेला असतो म्हणून तारांकित, एवढंच त्या नावाचं गूढ. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात, राज्यसभेत १५ आणि १६०. कुणाचा प्रश्न यादीत कुठे लागणार हे सोडतीवर. त्या २० पैकी तासाभरात मोजकेच पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरं लेखी धरली जातात, म्हणजे तारा असून नसल्यासारखा.

लोकसभेत हा तास ११ ला सुरू होतो. राज्यसभेतही पूर्वी ११ लाच असायचा, पण रोजच्या गोंधळात तोच पहिला बळी जायचा, म्हणून २०१४ च्या नोव्हेंबरपासून दुपारी १२ वर नेला.

आता 'असा का विचारतात' याचं अर्धं उत्तर नियमांत आहे. लोकसभेच्या नियम ४१ प्रमाणे प्रश्नात युक्तिवाद नको, उपरोध नको, विशेषणं नकोत, आरोप नको, मंत्र्याचं मत विचारायचं नाही, 'समजा असं झालं तर' असं काल्पनिक काही नको, न्यायप्रविष्ट विषय नको. हे सगळं गाळल्यावर उरतं ते 'हे खरे आहे काय'. आपल्या विधानमंडळाचा साचाही त्याच घरातला.


रातराणी

पण मग 'प्रचंड गैरसोय' हे विशेषण चाललं कसं?


वाटसरू

@रातराणी, हा हा. चालतं खरं. आणि बहुधा तेच नडतं.


निवृत्त नस्ती

वाटसरू, नेमकं बोललात. वाचनमात्र होतो, आता लिहितोच.

मंत्रालयात एका खात्यात कक्ष अधिकारी होतो. खातं सांगणार नाही. अधिवेशन तोंडावर आलं की एलएक्यू (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणजे विधिमंडळातले प्रश्न) यायला लागतात. तारांकित वगैरे कुणी म्हणत नाही. "साहेब, एलएक्यू आलाय" असं म्हणतात, दारात वसुलीवाला आल्यासारख्या आवाजात.

विधानमंडळ सचिवालयाकडून तो खात्याच्या समन्वय शाखेत येतो. तिथून कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलाकडे. पहिला दीड दिवस "हा विषय आमच्याकडचा नाही, शेजारच्यांचा" यात जातो. मग कुणाच्या तरी गळ्यात पडतो आणि तो माणूस आयुक्तालयाला किंवा जिल्ह्याला मेल टाकून वर फोन करतो की आज संध्याकाळपर्यंत अहवाल द्या. जिल्हा तालुक्याला सांगतो. तालुका त्या रुग्णालयाला किंवा शाळेला सांगतो. आता गंमत बघा. ज्याच्या कारभाराबद्दल प्रश्न आहे, पहिला मसुदा त्याच्याच टेबलावर लिहिला जातो. तो काय लिहिणार, 'होय, माझी चूक आहे'?

तिथून उत्तर वर चढायला लागतं. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्री. प्रत्येक पायरीवर एकेक कोपरा घासला जातो. वर पोचेपर्यंत गोटा गुळगुळीत.

आणि आम्ही प्रश्न वाचायचो कसा, ते सांगतो. शिसपेन्सिल हातात घेऊन, नकार कुठे देता येईल ते शोधत. धागाकर्त्याने दिलेला प्रश्न घ्या. त्याच्या एका वाक्यात चार विधानं आहेत: पदं रिक्त आहेत, दोन वर्षांपासून आहेत, प्रचंड गैरसोय होते, आणि हे जूनमध्ये निदर्शनास आलं. यातलं एक जरी ढिलं असलं तरी अख्ख्या वाक्याला 'हे खरे नाही'. पदं रिक्त आहेत पण दोन वर्षांऐवजी वीस महिने झालेत? खरे नाही. पद रिक्त आहे पण शेजारचा डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो, म्हणून 'गैरसोय' नाही? खरे नाही. सचिव सज्जन असले तर 'हे अंशतः खरे आहे' लिहायचे. तेही फार नव्हते.

(१) ला नकार दिला की (२), (३), (४) आपोआप मरतात, कारण प्रत्येकाची सुरुवात 'असल्यास'ने. पत्त्याचा बंगलाच तो. खालचा पत्ता काढला की वरचे काढायला लागत नाहीत.

एक प्रसंग सांगतो. कंत्राटी कर्मचाऱ्यांचं मानधन चार महिन्यांपासून थकल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, असा एलएक्यू होता. हिशेब केला तर तीन महिने वीस दिवस. वरिष्ठांनी पेन्सिलने 'चार' वर गोल केला आणि माझ्याकडे बघितलं. मी लिहिलं, हे खरे नाही. कायद्याने एकही अक्षर खोटं नव्हतं.

प्रश्न नेमका पुकारला गेला. आम्ही अधिकाऱ्यांच्या गॅलरीत फायली मांडीवर घेऊन बसलेलो. मंत्र्यांनी वाचलं, "हे खरे नाही." आमदार उठले. पहिल्यांदाच निवडून आलेले, आवाज बारीक, भाषण वगैरे काही नाही. म्हणाले, "मग किती महिने?"

झालं. उपप्रश्नांच्या तयारीसाठी मंत्र्यांना दिलेल्या दोनशे पानांच्या पूरक टिपणीत तो आकडा आम्ही घातला नव्हता, कारण घातला असता तर उत्तराचं बिंग आमच्याच कागदावर फुटलं असतं. मंत्र्यांनी मान वर करून गॅलरीकडे बघितलं. मी चिठ्ठीवर '३ म. २० दि.' लिहून खाली पाठवली. ती हातोहात जाईपर्यंत सभागृहात जी शांतता होती ती मला अजून ऐकू येते. मंत्र्यांनी वाचलं आणि दोन्ही बाजूंचे आमदार हसले. त्याच आठवड्यात मानधन सुटलं.

पुढे वर्षभर मंत्र्यांनी आमच्या कार्यासनाशी धड बोलणं केलं नाही. आमचं बरोबर झालं तसं.


गोगलगाय

दंडवत काका. 'मग किती महिने?' हे फ्रेम करून लावायला हवं.


मधली सुट्टी

नस्तीकाका, हे वाचून मी छापील यादी वेगळ्या डोळ्यांनी वाचतोय. म्हणजे लेखी प्रश्न हा फक्त दार उघडण्यापुरता, खरी झडती उपप्रश्नात?


वाटसरू

अगदी. आणि हे इंग्रजांना आपल्याआधी कळलं होतं. १८६१ च्या कायद्याने झालेल्या कौन्सिलांत सभासदांना प्रश्न विचारायचा अधिकारच नव्हता. १८९२ च्या कायद्याने तो दिला. १८९३ च्या फेब्रुवारीत पहिला प्रश्न विचारला अवधमधल्या भिंगाच्या राजांनी. विषय काय, तर दौऱ्यावरच्या सरकारी साहेबांना रसद पुरवताना गावोगावच्या दुकानदारांना होणारा त्रास! राजाने विचारलेला प्रश्न वाण्याबद्दलचा होता, हे मला भारी आवडतं.

पण उपप्रश्नाला परवानगी नव्हती. एक विचारा, उत्तर ऐका, खाली बसा. उपप्रश्न मिळाला १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांत, तोही ज्याने मूळ प्रश्न विचारला त्यालाच. बाकीच्यांना तो हक्क मिळाला १९१९ च्या कायद्यानंतर. म्हणजे पहिला प्रश्न द्यायला सरकार तयार होतं, दुसरा द्यायला आणखी सोळा वर्षं लागली.

आणि उलट दिशेचं उदाहरण आपल्या आठवणीतलं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये कोविडमुळे संसदेचं अधिवेशन आटोपशीर ठेवलं तेव्हा प्रश्नोत्तराचा तास काढून टाकला. अतारांकित प्रश्न आणि लेखी उत्तरं चालू होती. 'माहिती तर देतोय ना' असा सरकारचा सूर होता. माहिती देत होतेच. 'मग किती महिने?' तेवढं बंद होतं.


रातराणी

उपप्रश्नावरून मुंदडा प्रकरण आठवलं. आयुर्विमा महामंडळ (एलआयसी) १९५६ ला झालं, आणि वर्षभरात त्याने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले. फिरोज गांधींनी हे लोकसभेत लावून धरलं. ते सत्ताधारी पक्षाचे, शिवाय पंतप्रधानांचे जावई. प्रश्नाला मिळालेलं उत्तर आणि कागदावरची तारीख, रक्कम, भाव यांचा मेळ बसत नव्हता. तेवढाच धागा धरून ते ओढत राहिले. डिसेंबर १९५७ मध्ये चर्चा झाली, मग न्या. छागलांचा एकसदस्य आयोग, मुंबईत जाहीर सुनावण्या, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचा राजीनामा.

मला यातली रोचक गोष्ट ही वाटते की प्रश्न विचारायला पक्षाचा व्हिप आडवा येत नाही. मतदानाला येतो. पक्षांतरबंदी कायदा आल्यापासून विधेयकावर स्वतःच्या बुद्धीने हात वर करायची सोय जवळपास उरली नाही. पण 'किती महिने' विचारलं म्हणून कुणाची आमदारकी जात नाही. सत्ताधारी बाकांवरच्या सभासदाकडे एवढं एकच हत्यार शिल्लक आहे.


खडूस

१९५७ च्या कथा सांगून पोट भरत नाही ताई. आता प्रश्नांचा भाव ठरलेला असतो. प्रश्न लावायचे पैसे, न विचारायचे त्याहून जास्त. ज्याच्याविरुद्ध प्रश्न आहे तो बरोबर भेटायला येतो. तोडपाणी झालं की प्रश्न पुकारताना सभासद गैरहजर. बोला.


वाटसरू

खडूसभाऊ, हे 'आता'चं मुळीच नाही. पहिलंच प्रकरण १९५१ चं आहे. एच. जी. मुद्गल, हंगामी संसदेचे सभासद. मुंबईच्या सोने-चांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन त्यांच्या सोयीचे प्रश्न मांडल्याचा ठपका. समितीने चौकशी केली आणि त्यांना काढून टाकण्याचा ठराव खुद्द नेहरूंनी मांडला. ठराव पूर्ण व्हायच्या आत त्यांनी राजीनामा दिला.

२००५ च्या डिसेंबरमध्ये छुप्या कॅमेऱ्यात प्रश्नासाठी पैसे घेताना दिसलेल्या ११ खासदारांची हकालपट्टी झाली. लोकसभेचे १०, राज्यसभेचा १. निरनिराळ्या पक्षांचे होते, त्यामुळे 'तुमचेच' असं कुणाला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये हकालपट्टी वैध ठरवली.

ब्रिटनमध्येही १९९४ ला हेच गाजलं आणि त्यातून सार्वजनिक पदांवरच्या लोकांसाठी नोलन समितीची सात तत्त्वं आली.


निवृत्त नस्ती

खडूस म्हणतात ते मी नाकारणार नाही. आम्हाला वास यायचा. एखाद्या आडबाजूच्या ठेकेदाराच्या एका बिलाबद्दल, मोजमाप पुस्तिकेच्या पान क्रमांकासकट प्रश्न आला की समजायचं, हा माल प्रतिस्पर्धी ठेकेदाराकडून आलाय. पण एक सांगू? तसल्या प्रश्नांची तयारी आम्ही सगळ्यात जास्त करायचो, कारण त्यात 'हे खरे नाही' म्हणायला जागाच नसायची. वाईट हेतूने विचारलेला प्रश्न बहुतेकदा नेमका असतो. चांगल्या हेतूचे प्रश्न गबाळे का असतात, हे मला नोकरीभर कळलं नाही.


पाचवा मजला

काका, याचं उत्तर मी देतो. काही वर्षं एका आमदारांचा स्वीय सहायक होतो.

प्रश्न लिहितं कोण? आमच्यासारखे पीए. कशावरून? वर्तमानपत्राच्या कात्रणांवरून. मतदारसंघातला कार्यकर्ता फोटो पाठवतो, "साहेबांना सांगा, एवढा विषय लावा." विषय लावला आणि त्याची प्रत गावात फिरली की काम झालं. उत्तर काय आलं ते विचारायला परत फोन येत नाही. मुदतीच्या शेवटच्या रात्री पन्नास-साठ प्रश्न टंकायचे तर साचा लागणारच. जुनी फाईल उघडायची, गाव बदलायचं, महिना बदलायचा. माझ्याकडून एकदा गाव बदललं आणि तालुका जुनाच राहिला. उत्तर अर्थात 'हे खरे नाही'!

आणखी एक. एकाच विषयावर अनेकांनी प्रश्न दिले की नावं एकत्र करतात. यादीत कधी कधी एका प्रश्नावर वीस-पंचवीस नावं दिसतात ती अशी. त्यातल्या निम्म्यांना आपलं नाव तिथे आहे हे सभागृहात गेल्यावर कळतं.

आमच्या साहेबांना खरा रस लक्षवेधी सूचनेत. तिथे मंत्र्याला निवेदन करावं लागतं, त्यावर प्रश्न विचारता येतात, आणि कॅमेरा जरा जास्त वेळ आपल्यावर राहतो. विधानसभेत नियम २९३ ची चर्चा, विधान परिषदेत नियम २६० ची, ही भाषणाची जागा. तिथे दोन तास बोलता येतं आणि मंत्री शेवटी सगळ्यांना मिळून एक गोळाबेरीज उत्तर देतात. भाषण जेवढं मोठं तेवढी मंत्र्याची सोय, हे मला फार उशिरा कळलं. दहा मुद्दे मांडा, ते सोप्या तिघांना उत्तर देतात आणि वेळ संपते.


टेम्सकाठी

इकडचा अनुभव देतो. ब्रिटनमध्ये दर बुधवारी पंतप्रधानांचे प्रश्न असतात, अर्धा तास. १९९७ पर्यंत मंगळवारी आणि गुरुवारी पंधरा-पंधरा मिनिटं व्हायचे, ब्लेअर यांनी एकत्र केले. छापील प्रश्न बहुतेकदा एकच असतो: पंतप्रधानांच्या आजच्या भेटीगाठी काय आहेत? त्याचं ठरलेलं उत्तर मिळालं की उपप्रश्न जगातल्या कशावरही. म्हणजे मूळ प्रश्न नावापुरता आणि उपप्रश्न हाच सगळा कार्यक्रम. नस्तीकाकांची थिअरी इथे टोकाला नेलीय म्हणा ना.

पण खरं सांगू का, तिथे माहिती शून्य मिळते. दोन्हीकडून तयार करून आणलेले टोले, मागच्या बाकांवरून हुर्यो. कॅनडात तर प्रश्नाला ३५ सेकंद, उत्तराला ३५ सेकंद. ऑस्ट्रेलियात सरकारच्याच सभासदाने मंत्र्याला लाडका प्रश्न टाकायची एवढी रीत आहे की त्याला 'डोरोथी डिक्सर' असं नावच पडलंय. डोरोथी डिक्स हे वर्तमानपत्रातल्या सल्ल्याच्या सदरवालीचं नाव. तिला येणारी पत्रं ती स्वतःच लिहिते असा बोलवा होता.

मंत्री घायाळ होतात ते समितीत. एप्रिल २०१८. गृहमंत्री अंबर रड संसदेच्या गृहविषयक समितीसमोर बसल्या होत्या. विंडरश प्रकरण (कॅरिबियनमधून दशकांपूर्वी आलेल्या कायदेशीर रहिवाशांना बेकायदा ठरवल्याचं) तापलेलं. अध्यक्षीण बाईंनी विचारलं, बेकायदा राहणाऱ्यांना देशाबाहेर काढायची उद्दिष्टं ठरवली आहेत का? त्यांनी सांगितलं, तसं आपण काम करत नाही. उद्दिष्टं होती. कागद बाहेर आले आणि चार दिवसांत राजीनामा. १९६३ मध्ये प्रेमप्रकरणाबद्दल सभागृहात खोटं बोलल्यामुळे गेलेले मंत्री प्रोफ्युमो, तेव्हापासून इथली रीत तीच आहे: भानगड एक वेळ पचते, सभागृहाला चुकीचं सांगितलेलं पचत नाही.


रातराणी

म्हणजे समितीत एकच सभासद एकाच मंत्र्याला पाच-सहा प्रश्न सलग विचारू शकतो. सभागृहात तो धागा तुटतो, कारण पुढचा उपप्रश्न दुसऱ्याचा आणि त्याला त्याच्या मतदारसंघाचा पूल विचारायचा असतो.


वाटसरू

+१. आणि आपल्याकडची पंचाईत इथेच आहे. संसदेत १९९३ पासून खात्यांशी जोडलेल्या स्थायी समित्या आहेत, काम बरंच चांगलं करतात. पण त्यांच्यासमोर सचिव येतात, मंत्री नाही, आणि बैठका बंद दाराआड. त्यामुळे जो सलग उलटतपासणी घेऊ शकतो त्याच्यासमोर मंत्री नसतो, आणि ज्याच्यासमोर मंत्री असतो त्याला दोन उपप्रश्नांवर बसावं लागतं.

फिनलंडमध्ये एक वेगळीच तऱ्हा आहे. २० सभासदांनी सह्या केल्या की सरकारला १५ दिवसांत सभागृहासमोर उत्तर द्यावं लागतं आणि त्या उत्तरावर चर्चा होऊन विश्वासाचं मतदान होऊ शकतं. आपल्याकडे प्रश्नाच्या शेवटी मतदान नाही. फार तर अर्धा तास चर्चा मागता येते.


खडूस

थोडक्यात काय, बाहेर सगळं छान आणि आपल्याकडे 'प्रश्न उद्भवत नाही'. मी पहिल्याच प्रतिसादात तेच म्हणालो होतो.


मधली सुट्टी

खडूसभाऊ, तुम्ही म्हणालात ते वेगळं होतं. असो. एक खेळ सुचतोय. माझा वरचा ग्रामीण रुग्णालयाचा प्रश्न आपण नव्याने लिहू. नस्तीकाका खात्याच्या बाजूने उत्तर देतील. बघू किती वेळा निसटतात. आकडे अर्थातच मनचे.

मी सुरू करतो: "अमुक येथील ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त आहेत, हे खरे आहे काय?"


निवृत्त नस्ती

"हे खरे नाही." (चार पदं आहेत, एक रिक्त आहे. प्रश्नात 'पदे' लिहिलंत. अनेकवचन.)


गोगलगाय

अनेकवचन!!! लोटपोट.


रातराणी

थांबा. 'हे खरे आहे काय' काढूनच टाकते.

"(१) वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती, त्यापैकी भरलेली किती व रिक्त किती?"


निवृत्त नस्ती

शाब्बास. आता मला नकार देता येत नाही, आकडा द्यावा लागतो. तर घ्या: "मंजूर पदे ४, भरलेली ४, रिक्त ०."

मधल्या काळात आम्ही एकाची नेमणूक कागदावर करून घेतली. एलएक्यू आला की ऑर्डरी फार झपाट्याने निघतात, हा त्याचा एक लपलेला फायदा. तो डॉक्टर हजर झालेला नाही, पण पद भरलेलं आहे.


पाचवा मजला

आणि एक प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याला असणार. पगार इथून, काम तिथे. मी करतो प्रयत्न:

"(१) मंजूर, भरलेली व रिक्त पदे किती, (२) भरलेल्या पदांवरील अधिकाऱ्यांपैकी या रुग्णालयात प्रत्यक्ष कार्यरत किती, प्रतिनियुक्तीवर अन्यत्र किती, दीर्घ रजेवर किती?"


निवृत्त नस्ती

पीएसाहेब, आमच्या वेळी तुम्ही दुसऱ्या खात्याचे प्रश्न लिहीत होतात हे आमचं नशीब.

"(१) ४, ४, ०. (२) प्रत्यक्ष कार्यरत ३, प्रतिनियुक्तीवर १, दीर्घ रजेवर निरंक."

हजर न झालेल्याला मी 'कार्यरत'मध्ये धरलंय. आदेशाच्या तारखेपासून तो कार्यरतच समजला जातो, असं आमच्या आस्थापना शाखेचं मत आहे. लेखी नाही, तोंडी.


वाटसरू

मग तारखा आणि कागद मागू. कागदाचं नाव घेतलं की पळवाट आखडते.

"(३) माहे जानेवारी ते जून या कालावधीत प्रत्येक वैद्यकीय अधिकारी हजेरीपटानुसार दरमहा किती दिवस उपस्थित होता?"


निवृत्त नस्ती

(दहा मिनिटांनी लिहितोय, चष्मा पुसून.)

याला आम्ही काय केलं असतं? हजेरीपट मागवला असता. तो आला असता तर घाम फुटला असता. म्हणून तो 'आला' नसता. उत्तर: "(३) माहिती संकलित करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल."


वाटसरू

सापडलात काका! हे आश्वासन झालं. लोकसभेत याची शब्दांची यादीच आहे: 'विचाराधीन आहे', 'चौकशी करतो', 'सभासदांना कळवतो' असं मंत्री म्हणाले की ते आश्वासन धरतात आणि तीन महिन्यांत पुरं करायचं. न झाल्यास आश्वासन समिती मागे लागते. लोकसभेत ती १९५३ पासून आहे, मंत्री तिचे सभासद होऊ शकत नाहीत. आपल्या विधानमंडळातही आश्वासन समिती आहे.


खडूस

आणि तीन महिने मोजतो कोण? गावातला तो कार्यकर्ता तर परत फोन करत नाही म्हणाले ना वर.


पाचवा मजला

मोजत नाही कुणी, हे खरं. आमच्या कपाटात मागच्या अधिवेशनांतली आश्वासनं गठ्ठ्याने पडलेली असायची. काढायला गेलो की धूळ नाकात. पण एक केलं होतं मी. एका आश्वासनाला वर्ष झालं तेव्हा पुढच्या अधिवेशनात प्रश्नच त्यावर टाकला: अमुक तारखेला अमुक प्रश्नावर दिलेलं आश्वासन पुरं झालं काय, नसल्यास माहिती संकलनास लागलेल्या कालावधीचा तपशील काय. त्याला 'प्रश्न उद्भवत नाही' लिहिता येत नाही, कारण तो त्यांनीच उद्भववलेला असतो. तीन ओळींचं उत्तर आलं, पण आकडा आला.


खडूस

बरं, तुमच्या खेळात माझा एक. तारांकित वगैरे मला कळत नाही, उपप्रश्न म्हणून घ्या. मंत्री उभे आहेत, छापील उत्तर वाचून झालंय, चारपैकी तीन कार्यरत म्हणालेत.

"अध्यक्ष महोदय, आत्ता या क्षणी त्या रुग्णालयाच्या ओपीडीत यातला कोण बसलाय? नाव सांगा."


निवृत्त नस्ती

गॅलरीत आहे. फोन लावतोय. तिकडे कुणी उचलत नाहीये.


मधली सुट्टी

मंत्री महोदय वर बघतायत काका.